बाळ पीत नाही, घास गिळत नाही: घरात काय बघायचं, कसं भरवायचं आणि सांगली-साताऱ्यात कुठे जायचं

‘पोरगं खातच नाही बघा’ या एका वाक्यात निदान चार वेगळ्या तक्रारी असतात. एका बाळाला भूकच लागत नाही. दुसऱ्याला भूक लागते, पण दूध ओढायला त्याचा जोर पुरत नाही. तिसरं ओढतं, पण घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे वळतो. चौथं दीड वर्षाचं झालं तरी मिक्सरमधून काढलेल्या पातळ खाण्यावरच आहे आणि वाटीत भाताचं एक शीत दिसलं तरी तोंड फिरवतं. चौघांचं दुखणं वेगळं, त्यावरचा इलाज वेगळा. घरात मात्र चौघांनाही एकच इलाज मिळतो: अजून दोन चमचे कसेही करून आत घालायचे.

पुढचं सगळं आईबाबांसाठी आहे, पण भरवण्याचं काम ज्यांच्याकडे असतं त्या आजीला आणि आत्याला वाचून दाखवलंत तर जास्त उपयोग होईल. वाटी किती रिकामी झाली हे नंतर बघा, घास कसा उतरला हे आधी बघा. सगळा लेख एवढ्यासाठीच आहे.

या वेळी घरी थांबायचं नाही

कालपर्यंत नीट पिणारं नवजात बाळ अचानक प्यायचं थांबलं, तर तो जंतुसंसर्गाचा पहिला इशारा असू शकतो. ताप येईलच असं नाही. उलट अंग गार पडू शकतं. ‘आज झोपाळलंय, उद्या पिईल’ म्हणून रात्र काढू नका.

पिताना ओठ किंवा जीभ निळी पडणं, मध्येच श्वास थांबणं, हिरवी उलटी होणं, यातलं काहीही झालं की थेट दवाखाना. जन्मल्यापासून तोंडाला सतत फेस येतोय आणि पहिल्याच घोटाला बाळ गुदमरतंय, तर अन्ननलिका जन्मतःच जोडलेली नसण्याची शक्यता असते. अशा बाळाला तपासणी होईपर्यंत तोंडाने थेंबही द्यायचा नाही. महिना-दीड महिन्याचं बाळ प्रत्येक वेळी प्यायल्यावर जोराने लांब उलटी फेकत असेल आणि लगेच पुन्हा भुकेलं होत असेल, तर जठराच्या तोंडाशी अडथळा असू शकतो. तेही लगेच दाखवायचं.

श्वास मोजायला शिका. बाळ शांत असताना झबलं वर करा आणि पोटाकडे बघत घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजा. २ महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर भरवणं थांबवा आणि १०८ ला फोन लावा. धाप लागलेल्या बाळाला दूध पाजणं धोक्याचं, कारण गिळण्यासाठी श्वास क्षणभर थांबवावा लागतो आणि धाप लागलेलं बाळ तो थांबवू शकत नाही.

गिळताना आत काय होतं

घशात हवेची आणि अन्नाची वाट एकच असते, पुढे ती फुटते. प्रत्येक घोटाला स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनलिकेचं तोंड मिटतं, श्वास थांबतो, घोट जातो, मग श्वास सुरू होतो. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या गर्भवयाला बसू लागतो. म्हणून आठव्या महिन्याच्या आत जन्मलेल्या बाळाला सुरुवातीला नळीने किंवा चमच्याने दूध देतात. त्यात आईच्या दुधाचा काही दोष नसतो. ‘हिला दूधच नाही’ हा शेरा आपल्याकडे फार लवकर मारला जातो, आणि तो ऐकून ऐकून खरंच दूध आटतं.

मेळ चुकला की घोट श्वासनलिकेत उतरतो. मोठ्या माणसाला लगेच ठसका लागतो. पण लहान बाळांत, विशेषतः वेळेआधी जन्मलेल्या किंवा जन्मताच न रडलेल्या बाळांत, ठसका न लागताही दूध छातीत जाऊ शकतं. वरवर सगळं ठीक दिसतं आणि दर महिन्या-दोन महिन्याला ‘छातीत कफ झालाय’ म्हणून औषध चालू राहतं. त्यामुळे ठसक्याशिवायच्या खुणाही ओळखता यायला हव्यात: पिताना डोळ्यांत पाणी येणं, भुवयांभोवती लाली चढणं, हाताची बोटं पंज्यासारखी ताठ पसरणं, नाकातून दूध येणं, दोन घोटांत थकून झोपी जाणं. कपाळाला घाम सुटत असेल आणि बाळ थांबून थांबून पीत असेल, तर हृदयाची तपासणी करून घ्यायची.

सगळ्यात सोपी तपासणी कानाने होते. पाजण्याआधी बाळाला खांद्यावर घ्या आणि त्याचा हुंकार ऐका. पाजून झाल्यावर पुन्हा तसंच घ्या. तुमचा कान त्याच्या गळ्याशीच येतो. आधी कोरडा असलेला आवाज नंतर ओला, घुरघुरता येत असेल, जणू घशात चमचाभर पाणी राहून गेलंय, तर ती गोष्ट डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. श्वास आत घेताना येणारा कर्कश आवाज वेगळा. तो पहिल्या काही आठवड्यांत सुरू होतो आणि उताणं झोपवल्यावर किंवा पिताना वाढतो. बहुतेक वेळा स्वरयंत्र मऊ असल्यामुळे तो येतो आणि वाढीबरोबर कमी होतो. तरी वजन वाढत नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवाच.

पाच दिवसांची वही

दवाखान्यात जाण्याआधी पाच दिवसांची नोंद करा. वेळ, काय दिलं, किती मिनिटं लागली, कोणी भरवलं, कसं धरलं होतं, ठसका किंवा उलटी झाली का, दिवसभरात लघवी किती वेळा. ‘कोणी भरवलं’ हा रकाना गाळू नका. आई भरवते तेव्हा ठसका नाही आणि दुसऱ्या कोणाच्या हातून दर वेळी लागतो, असं दिसलं तर अर्धं उत्तर तिथेच मिळतं. ऊसतोडीच्या हंगामात आई फडात असते आणि आठ-नऊ वर्षांची ताई धाकट्याला सांभाळते. अशा घरात शिकवायचं त्या ताईला. ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकते.

जन्मापासून पाच दिवस झालेलं, फक्त दुधावरचं बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं आणि निदान ६ वेळा लघवी करतं. जन्मानंतर थोडं घटलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून येतं आणि पुढे पहिले तीन महिने दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढतं. वजन दर वेळी एकाच काट्यावर करा. अंगणवाडीचा काटा चालेल, पण मग नेहमी तोच वापरा आणि माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात ठिपका तिथल्या तिथे घालून घ्या. एका आकड्यावरून काही ठरत नाही. तीन ठिपक्यांची रेघ आडवी होत गेली की प्रश्न आहे.

मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. कॅमेरा बाजूने धरा, म्हणजे हनुवटी आणि गळा दिसेल. टीव्ही बंद ठेवा, म्हणजे घशातला आवाज ऐकू येईल. ओपीडीत बाळ एक तर झोपलेलं असतं किंवा रडत असतं, तिथे डॉक्टरांना गिळणं दिसतच नाही. हा व्हिडिओ बऱ्याचदा चार तपासण्यांपेक्षा जास्त सांगून जातो.

बसवणं आणि धरणं

इथे थोडं रेंगाळू, कारण बदल इथेच लवकर दिसतो आणि पैसे लागत नाहीत.

आपल्याकडे बाळाला लांब केलेल्या पायांवर उताणं टाकून चमच्याने किंवा बोंडल्याने पाजायची पद्धत आहे. डोकं पायाच्या घोट्यांकडे, थोडं मागे कललेलं. मान अशी मागे गेली की हवेची वाट सताड उघडी राहते आणि ओतलेला घोट आपल्या वजनाने थेट तिच्याकडे घरंगळतो. त्यात बाळ रडत असेल तर आणखी वाईट, कारण रडताना मध्येच जोरात श्वास आत ओढला जातो. ‘नाक दाबलं की तोंड उघडतं’ ही म्हण व्यवहारात चालते. गुटी पाजताना कोणी खरोखर नाक दाबत असेल तर हात धरा. तोंड उघडतं ते श्वास घ्यायला, आणि नेमकं तेव्हाच आत गुटी असते.

लहान बाळाला पाजताना डोकं, मान आणि पाठ एका रेषेत हवी, डोकं पोटापेक्षा वर हवं आणि हनुवटी किंचित छातीकडे. फार लवकर थकणाऱ्या किंवा ठसका लागणाऱ्या बाळाला कुशीवर, डोक्याकडून थोडं उंच धरून पाजलं तर बऱ्याचदा सोपं जातं. दूध गालात थांबतं आणि बाळ आपल्या वेळेने गिळतं. हे एकदा नर्सबाईंकडून हाताने शिकून घ्या.

बसू लागलेल्या पोराचे कमरेत, गुडघ्यात आणि घोट्यात काटकोन व्हायला हवेत, पाय लोंबकळता कामा नयेत. पाय अधांतरी राहिले की सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते, मग जबड्याला काय उरणार? महागडी खुर्ची लागत नाही. भिंतीचा कोपरा, दोन्ही बगलांना गोधडीच्या गुंडाळ्या, पायाखाली उलटा ठेवलेला पाट. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलाची मान मागे फेकली जात असेल तर डोकं हाताने पुढे दाबू नका, ते उलट जास्त ताठतं. दोन्ही खांदे पुढे आणा आणि गुडघे वाकवून बसवा, मान आपोआप सैल पडते. भरवणाऱ्याने समोर, बाळाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. उभ्याने भरवलं की बाळ वर बघतं आणि मान पुन्हा मागे जाते.

आणखी दोन सवयी सोडा. अंघोळीनंतर नाकात तेलाचे थेंब सोडू नका. तेल घशाला टोचत नाही, म्हणून ठसका न लागता ते थेट फुप्फुसात उतरतं आणि तिथे बसून न्यूमोनिया करतं. न्हाऊ घालणाऱ्या मावशींना हे आदराने पण स्पष्ट सांगा. आणि एक वर्षाच्या आत मध चाटवू नका. त्यातल्या बीजाणूंमुळे बाळाचं अंग लुळं पाडणारी विषबाधा होऊ शकते. गुटीत तो कालवत असाल तर गुटीही बंद. तसंही पहिले ६ महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलेली औषधं तेवढी अपवाद.

दुधावरचं बाळ

बाळाने स्तनाग्रच नव्हे, भोवतालचा काळा भागही तोंडात घ्यायला हवा. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी टेकलेली. आईला दुखत असेल तर पकड चुकली आहे. कडेने बोट घालून सोडवा आणि पुन्हा लावा. जीभ खालून बांधलेली दिसते म्हणून लगेच कापायची घाई नको. पकड बसत नाही, आईला जखमा होतात, वजन वाढत नाही, असं असेल तरच तो विषय डॉक्टरांशी काढा.

ओढता न येणाऱ्या बाळाला दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या. पण ओतायचं नाही. बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवा, दूध ओठापर्यंत आणून थांबा, बाळ जिभेने घेईल. गिळलं का ते गळ्याकडे बघून ठरवा, मगच पुढचा घोट. बाटलीचं भोक सुईने मोठं करणं हा घरोघरचा उपाय घातक आहे, प्रवाह वाढतो आणि बाळाला श्वासाला उसंत मिळत नाही. काढलेलं दूध खोलीत ठेवलं तर ४ तासांच्या आत आणि फ्रिजमध्ये ठेवलं तर २४ तासांच्या आत वापरा. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात चार तासांचीही वाट बघू नका.

फक्त ओठ फाटलेला असेल तर बरीच बाळं अंगावर पिऊ शकतात. टाळू फाटलेली असेल तर तोंडात ओढच तयार होत नाही, कितीही प्रयत्न केला तरी. तिथे काढलेलं दूध, बसतं धरून, थोडं थोडं. नाकातून दूध आलं तर घाबरू नका, थांबा, पुसा, पुन्हा द्या. ओठाची शस्त्रक्रिया साधारण ३ ते ६ महिन्यांत आणि टाळूची ९ ते १८ महिन्यांत करतात. त्यासाठी वजन हवं, म्हणून पहिल्या दिवसापासून पाजण्याची रीत शिकणं गरजेचं. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही, आईला त्यावरून बोलू नका.

थोडं दूध काढणं, म्हणजे हसत-खेळत ओठाच्या कडेने परत येणं, हा आजार नाही. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते सगळ्यात जास्त असतं आणि बहुतेकांचं वर्षभरात थांबतं. प्यायल्यावर २०-३० मिनिटं उभं धरा, झोपवताना मात्र उताणंच.

उष्टावणानंतर

उष्टावण ६ महिने पूर्ण झाल्यावर. खीर चाटवली, फोटो निघाले आणि नंतर दोन महिने पुन्हा वरणाचं पाणी, असं फार घरांत होतं. वरणाच्या पाण्यात पाणीच जास्त असतं. पोट भरतं, अंगी लागत नाही. पहिल्या दिवसापासून चमचा तिरपा केल्यावर चटकन न ओघळणारं खिमट द्या, त्यात तूप किंवा तेल घाला. सुरुवातीला २-३ चमचे पुरतात. ६ ते ८ महिन्यांत दिवसातून २-३ वेळा, हळूहळू वाढवत २५० मिलिलिटरच्या अर्ध्या वाटीपर्यंत; ९ ते ११ महिन्यांत अर्धी वाटी ३-४ वेळा; वर्षानंतर पाऊण ते एक वाटी ३-४ वेळा आणि मध्ये एक-दोनदा खाऊ. आईचं दूध दोन वर्षं चालूच.

चमचा छोटा आणि उथळ घ्या. तो जिभेच्या मधोमध सरळ ठेवा, हलकासा दाब द्या आणि थांबा. वरचा ओठ खाली येऊन घास उचलू द्या. चमचा वर ओढून टाळूला पुसून काढला की ओठाला कामच उरत नाही आणि घास घशाकडे फेकला जातो.

आठव्या-नवव्या महिन्यात गाठी यायलाच हव्यात: बोटांनी कुस्करलेला गुरगुट्या भात, दाबलेलं केळं, दुधात मऊ झालेली ज्वारीची भाकरी. दहाव्या महिन्यानंतरही सगळं मिक्सरमधूनच जात राहिलं तर चावायला शिकण्याचा सोपा काळ निघून जातो आणि पुढे प्रत्येक गाठीला ओकारी येते. ओकारी म्हणजे गुदमरणं नाही. ओकारीत आवाज येतो, तोंड लाल होतं, घास पुढे येतो. ती शरीराची राखण आहे. तिला घाबरून पुन्हा मिक्सर लावू नका.

घट्ट, पातळ आणि दोन्ही एकत्र

ज्यांचं गिळणं मंद आहे त्यांना सगळ्यात अवघड जातं ते पाणी. घट्ट माडगं गिळणारं मूल पाण्याला ठसकतं, हे बघून लोक चक्रावतात. पाणी वेगाने घसरतं आणि श्वासनलिका मिटायच्या आत पोचतं. त्याहून अवघड म्हणजे दोन पोत एका घासात: पातळ आमटीत बुडवलेली चपाती, रश्शातला बटाटा, मोकळ्या भातावर ओतलेलं पातळ वरण. मूल तुकडा चावत असतं तेवढ्यात रस घशात उतरलेला असतो. भात आणि घट्ट वरण एकजीव कालवून द्या, निम्मा ठसका तिथेच कमी होईल.

गिळण्याचं काम बघणाऱ्या स्पीच थेरपिस्टनी ‘इतकं घट्ट’ असं सांगितलं तर ते अंदाजाने करू नका. आयडीडीएसआय नावाची जगभर वापरली जाणारी मोजपट्टी आहे आणि तिची चाचणी स्वयंपाकघराच्या ओट्यावर होते. सुई नसलेली १० मिलिलिटरची सिरिंज घ्या (शून्यापासून १० पर्यंतचं अंतर ६१.५ मिलिमीटर हवं, पट्टीने मोजा). दट्ट्या काढा, खालचं तोंड बोटाने दाबा, १० पर्यंत भरा, बोट काढा, १० सेकंदांनी पुन्हा दाबा. १ मिलिलिटरपेक्षा कमी उरलं तर ते पातळ, पातळी ०. १ ते ४ उरलं तर पातळी १, ४ ते ८ उरलं तर २, ८ पेक्षा जास्त उरलं तर ३. थेंबही खाली आला नाही तर ४, म्हणजे चमच्यानेच द्यायचं. माडगं निवलं की घट्ट होतं, म्हणून ज्या उबेचं द्यायचं त्याच उबेला मोजा.

दूध घट्ट करण्याची पावडर किंवा पीठ मात्र स्वतःच्या मनाने कधीही नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळांत काही घट्टकारक पावडरींनी आतड्याला गंभीर इजा झाल्याचं आढळलं आहे. आणि आईच्या दुधात तांदळाचं पीठ घालून उपयोगही होत नाही, दुधातलंच पाचकद्रव्य पीठ फोडतं आणि ते पुन्हा पातळ होतं.

गिळतं, पण खात नाही

तपासणीत गिळणं ठीक निघालं आणि तरी पोर दोन-चार पदार्थांपलीकडे जात नाही, तर गाडी बहुतेक जबरदस्तीवर अडलेली असते. हात धरून, मोबाइल दाखवून, बागुलबुवाची भीती घालून भरवलेल्या पोराला भूक आणि भीती यांतला फरक कळेनासा होतो. जेवण ३० मिनिटांत आटपा, उरलं तर ताट उचला, पुढच्या वेळेपर्यंत मध्ये बिस्किट-दूध नाही. नवा पदार्थ नेहमीच्या पदार्थाशेजारी ठेवायचा, खा म्हणायचं नाही. हात लावू दे, वास घेऊ दे, सांडू दे. दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर काही मुलं तो चाखतात. हात, कपडे, आवाज यांचाही मुलाला त्रास होत असेल, नजर देत नसेल किंवा बोलणं उशिरा असेल, तर खाण्यापुरतं न बघता वाढीची पूर्ण तपासणी करून घ्या.

द्राक्षं, शेंगदाणे, भडंग

फेब्रुवारी ते एप्रिल तासगाव-मिरज पट्ट्यात घरोघरी द्राक्षं असतात. द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि नेमकं लहान मुलाच्या श्वासनलिकेच्या मापाचं. ५ वर्षांखालच्या मुलाला ते उभं चिरून, चार फोडी करूनच द्या. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि भडंग तितकेच धोक्याचे. कूट करून द्या. खेळण्यातल्या नाण्याएवढ्या बॅटऱ्या गिळल्या तर काही तासांत अन्ननलिका जळते. त्रास दिसत नसला तरी लगेच रुग्णालय गाठा.

घास अडकला आणि मूल खोकू शकत असेल तर खोकू द्या. आवाजच बंद झाला तर वाट बघू नका. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं घ्या, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मुळाने ५ थापा मारा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली ५ वेळा दाबा. आलटून पालटून करत राहा. वर्षावरच्या मुलाला पाठीवर ५ थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर ५ झटके. घास दिसत नसताना तोंडात बोट फिरवू नका, तो आणखी आत जातो. शेजाऱ्याला १०८ लावायला सांगा. मूल निपचित पडलं तर छातीदाब आणि श्वास सुरू करा. हे गावातल्या आरोग्य उपकेंद्रात प्रत्यक्ष शिकून ठेवा.

कुठे जायचं

पहिला दरवाजा आशाताई. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर त्या पहिल्या ४२ दिवसांत ६ वेळा घरी येतात. आल्या की ‘सगळं ठीक’ म्हणून चहावर बोळवण करू नका, बाळाला त्यांच्यासमोर पाजा. दुसरा दरवाजा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक. ते वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. फाटलेली टाळू, जन्मजात हृदयदोष, वाढीतला उशीर असं काही सापडलं की ते पुढे पाठवतात आणि उपचार सरकारी खर्चाने होतात. जिल्ह्याच्या शीघ्र निदान व उपचार केंद्राची, म्हणजे डीईआयसीची, चिठ्ठी याच पथकाकडून घ्या आणि स्पीच थेरपिस्ट कोणत्या वारी असतात ते आधी विचारा. जतहून किंवा पाटणहून एसटीने बाळाला घेऊन यायचं आणि ‘आज मॅडम नाहीत’ ऐकायचं, हे टाळता येतं.

सांगलीकडच्यांना पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. याशिवाय सांगलीचं भारती हॉस्पिटल, कराडचं कृष्णा हॉस्पिटल अशी शिक्षण देणारी मोठी रुग्णालयं आहेत, जिथे बालरोग आणि कान-नाक-घसा हे विभाग एका छताखाली मिळतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. गिळण्याचं काम बघणारा माणूस म्हणजे स्पीच थेरपिस्ट. तो फक्त बोलणं शिकवतो हा गैरसमज आहे. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे ना, आणि लहान मुलांच्या गिळण्याचं काम करता का, हे दोन प्रश्न विचारायला लाजू नका.

ठसका न लागता छातीत जातंय का हे बघायला बेरियम मिसळलेला घास देऊन हलता एक्स-रे काढतात. त्याला व्हिडिओफ्लुरोस्कोपी म्हणतात. सगळीकडे ही सोय नसते, पुण्या-मुंबईला जावं लागलं तर आधी फोन करा. जाताना घरचाच चमचा, घरचं खिमट आणि ज्या पदार्थाला ठसका लागतो तो पदार्थ बरोबर न्या.

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बौद्धिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात.

नळी लागली तर

नाकातून पोटात नळी घालायची म्हटलं की घरात रडारड होते. नळी म्हणजे हार नाही. जेवायला दोन तास आणि गिळायला ताकद नाही अशा बाळाला नळीने वजन मिळतं, वजनाने ताकद येते आणि मग तोंडाने खाणं शिकवायला उसंत मिळते. काही महिन्यांपेक्षा जास्त लागणार असेल तर पोटावरून बसवलेली नळी बाळाला जास्त सोयीची पडते.

नाकाशी नळीवर खूण करून ठेवा आणि दर वेळी दूध देण्याआधी खूण हलली नाही ना ते बघा. सिरिंजने पोटातला थोडा रस ओढून पीएच पट्टीवर, म्हणजे आंबटपणा मोजणाऱ्या कागदी पट्टीवर टाका, ५.५ किंवा कमी आला तरच दूध द्या. बाळ खोकत असेल, आवाज बदलला असेल, तर नळी निसटली समजून काहीही देऊ नका. दूध दट्ट्याने ढकलायचं नाही, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्यायचं, १५-२० मिनिटं लागली तरी. त्या वेळी बाळाला मांडीवर घ्या आणि स्वच्छ बोट किंवा रिकामी चोखणी चोखू द्या, म्हणजे चोखणं आणि पोट भरणं यांची त्याच्या मनात जोडी राहते.

तोंडाने काही जात नाही म्हणून तोंड पुसणं बंद करू नका. दिवसातून दोनदा ओल्या मऊ कापडाने हिरड्या आणि जीभ पुसा, दात असतील तर ब्रश करा. नळीवरच्या बाळाच्या तोंडातही जंतू वाढतात आणि त्याची लाळ छातीत उतरली की न्यूमोनिया तिच्यातूनच होतो.